केशराच्या फुलातले दोन रंग

केशराच्या फुलातील जांभळ्या पाकळ्या आणि मधली तीन फाट्यांची लाल कुक्षी (परागकण झेलणारा भाग; हीच वाळवली की केशराच्या काड्या) यांच्या पेशींमध्ये जनुके तीच असतात, तरी त्यांच्या रंगद्रव्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पाकळ्यांचा रंग अँथोसायनिन या जांभळ्या रंगद्रव्यांचा, तर कुक्षीचा रंग कॅरोटिनॉइड या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांपासून बनणाऱ्या क्रोसिनांचा. म्हणूनच केशराला लाल करणारे जनुक कोणते, यापेक्षा ते कुठे आणि केव्हा कामाला लागते, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

कळीतली कुक्षी वाढताना आधी पिवळी, मग नारिंगी आणि शेवटी गडद लाल होते. या काळात तिच्या पेशींत बीटा-कॅरोटीन या कॅरोटिनॉइडापासून झिआझँथिन हे दुसरे कॅरोटिनॉइड बनवणाऱ्या विकराचे (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचे) जनुक सक्रिय होते आणि सीसीडी२ हे विकर त्या झिआझँथिनाचा लांब रेणू दोन्ही बाजूंनी छाटते. मधल्या तुकड्यापासून क्रोसेटिन तयार होते आणि त्याला साखरेचे रेणू जोडले गेले की क्रोसिन. छाटलेली टोकेही वाया जात नाहीत: त्यांच्यापासून कडवट पिक्रोक्रोसिन बनते आणि कुक्षी वाळवताना त्यातूनच सुगंधी सॅफ्रनाल मोकळे होते. रंग, चव आणि वास या तिन्हींचा उगम असा एकाच छाटणीत आहे.

साखर जोडली जाण्याचा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो. केशराची काडी कोमट पाण्यात टाकली की तिच्याभोवती पिवळा रंग पसरत जातो. कॅरोटिनॉइडे एरवी पाण्यात विरघळत नाहीत. क्रोसिने विरघळतात, ती या साखरेमुळेच.

सीसीडी२ची ओळख पटली ती २०१४ मध्ये. केशराचे झाड त्रिगुणित, म्हणजे आठ-आठ गुणसूत्रांचे तीन संच असलेले आणि त्यामुळे वंध्य. ते कंदांवरच वाढते. संकर करून पिढ्यान्‌पिढ्या जनुकाचा माग काढण्याची नेहमीची वाट इथे बंदच. त्यामुळे संशोधकांनी कुक्षीच्या वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर कोणती जनुके व्यक्त होतात, म्हणजे कामाला लागतात, ते तपासले आणि हाती लागलेले सीसीडी२चे जनुक झिआझँथिन बनवणाऱ्या जिवाणूंत घालून त्याचे काम पडताळले. मला हा मार्ग फार देखणा वाटतो.

क्रोकस अँसिरेन्सिस या केशराच्या भाऊबंदाच्या पाकळ्या पिवळ्या असतात. तिथे सीसीडी२ पाकळ्यांमध्येही व्यक्त होते आणि पाकळ्यांतच क्रोसिने साठतात.