सहा आठवडे सही नको

दहाव्या दिवशी काका मुलासोबत परत आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत स्टॅम्पपेपर होता.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत, वय ६१. पहिल्या भेटीत मुलगा म्हणाला होता, "बाबांना डिमेन्शिया झालाय. सौद्यातला दर पाच मिनिटांत विसरतात." पण मी काहीही विचारलं की काका आठवायचा प्रयत्नही न करता "आठवत नाही" म्हणायचे. डिमेन्शियात माणूस बहुधा विसरणं झाकतो. हे स्वतःच त्याचा धसका घेऊन बसलेले. पहाटे तीनला जाग, जेवण निम्म्यावर. बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड ठीक निघाल्यावर मी नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम सुरू केलं होतं.

"मळमळ तेवढी वाढली," काका म्हणाले. "दुकान पोराच्या नावावर करतो नि सुटतो." मुलगा खाली बघत होता.

मी चिठ्ठी उलटी करून चित्र काढलं. 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडलंय' असं मी पेशंटला सांगत नाही, कारण ते इतकं सरळ नाही. या एकाच रसायनाचे किमान १४ प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या त्याचा निरोप घेणाऱ्या जागा, असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं. तिथले ५-एचटी३ नावाचे रिसेप्टर चाळवले की मळमळते. मेंदूत सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवर ५-एचटी१ए रिसेप्टर बसलेले असतात. गोळीनं सेरोटोनिन वाढलं की ते त्या पेशींनाच ब्रेक लावतात. हा ब्रेक सैल व्हायला काही आठवडे लागतात. हेच रिसेप्टर मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातही दाट असतात, आणि आठवणी पक्क्या होतात त्या तिथेच.

"म्हणजे गोळी पोचलीय, ब्रेक सुटायचाय?" मुलानं विचारलं.

"हो. आणि काका, या मनःस्थितीत नुकसानच मोठं दिसतं. सहा आठवडे सही नको."

मी 'मरावंसं वाटतं का?' हेही थेट विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तसं नाही. पण सकाळ नको वाटते." मुलाला मी गोळ्या स्वतःजवळ ठेवायला सांगितल्या आणि दर आठवड्याला बोलावलं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सातव्या आठवड्यात काका एकटेच आले. बोलता बोलता हरिपूरच्या पेवांचा, हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचा, विषय निघाला. २००५ च्या पुरात कुणाच्या पेवात पाणी शिरलं, किती पोती भिजली, भिजलेली हळद कुठे वाळत घातली, हे ते अर्धा तास सांगत राहिले. बाहेर बाकी पेशंट खोळंबले होते. मी त्यांना थांबवलं नाही.