तुम्ही विचारलंत म्हणून: फाटकापाशी मी का उतरते

रविवारच्या सायकल फेरीत नवं कुणी आलं की दोन-तीन आठवड्यांत हा प्रश्न येतोच. ‘काकू, नांदुरीचा घाट तुम्ही सायकलवर चढता, मग रेल्वेच्या फाटकाशी उतरून चालत का जाता? फाटक तर उघडंच आहे.’ आजवर मी ‘सवय आहे’ एवढंच म्हणत आले. गेल्या रविवारी एका मुलीनं परत विचारलं आणि उत्तरासाठी ती खरंच थांबून राहिली. म्हणून नीट सांगते. थोडं लांबेल.

मी भगूरची. वडील नाशिकरोडला करन्सी प्रेसमध्ये होते. घरात सायकल एकच, त्यांची चोवीस इंची काळी, मधल्या दांडीची. त्यांची दुसरी पाळी असली की सकाळी ती मला मिळायची. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकले ते त्याच सायकलवर. अकरावीत पोचेपर्यंत दांडीवरून टांग टाकून बसायला लागले होते, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

वाटेत एक फाटक लागायचं. ज्यांनी बिनगिअरची सायकल चालवली आहे त्यांना माझं म्हणणं लगेच कळेल. आमच्याकडे रूळ भरावावर आहेत, शेतांपेक्षा उंच. त्यामुळे फाटकाला दोन्ही बाजूंनी चढ. पन्नास-साठ पावलांचाच, पण जड सायकलला तेवढा पुरतो. मग काय करायचं? अलीकडच्या सपाटीवरच जोर धरायचा, चढ लागला की उभं राहून पायडल मारायचं, त्याच जोरावर रूळ ओलांडायचे आणि पलीकडच्या उतारावर पाय सोडून द्यायचे. मध्ये थांबलात की जोर मेला. मग सायकल ढकलत न्या. मला ढकलायला अजिबात आवडायचं नाही.

१९८८चा श्रावण होता. भुरभुर पाऊस. मी सपाटीवरून जोर धरला आणि फाटक पडायला लागलेलं पाहिलं. गेटमन हँडल फिरवत होते, दांडा हळूहळू खाली येत होता. थांबायला भरपूर जागा होती. पण पायात जोर आला होता, तो वाया घालवायचा नव्हता. मी डोकं खाली घालून दांड्याखालून आत गेले.

तिथं रस्ता रुळांना काटकोनात नव्हता, तिरका जायचा. फाटकावर रुळाच्या आतल्या अंगाला आणखी एक लोखंडी पट्टी असते आणि दोन्हींच्या मधून गाडीच्या चाकाची कड जायला फट ठेवलेली असते. पाच-सहा सेंटिमीटरची. सायकलचं टायर त्याहून बारीक. ओल्या लोखंडावर पुढचं चाक सरकलं, फटीत उतरलं आणि मी हँडलवरून पलीकडे पडले. गुडघा फुटला. उठून पाहिलं तर समोरचंही फाटक पडलेलं. दोन फाटकांच्या मध्ये मी आणि वडिलांची सायकल.

फाटक पडल्यावर लगेच गाडी येत नाही. गाडीच्या बऱ्याच आधी ते पाडतात, आणि त्यामुळेच आज हे सांगायला मी आहे. पण मिळालेला तो सगळा वेळ मी सायकल ओढण्यात घालवला. मधली दांडी धरून वर खेचत राहिले. गेटमन ओरडत होते, ‘सोड ती, इकडं ये!’ मला ऐकू येत होतं, कळतही होतं. तरी हात सुटेनात. वडिलांना काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

शेवटी ते स्वतः धावत आले. म्हणाले, ‘वर नको ओढू, मागं घे.’ ज्या वाटेनं चाक आत शिरलं त्याच वाटेनं त्यांनी ते मागं सरकवलं. एका हिसक्यात सुटलं. एका हातानं सायकल आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट धरून त्यांनी मला गुमटीच्या, म्हणजे गेटमनच्या खोलीच्या, भिंतीशी नेलं. तिथं पोचलो न पोचलो तोच मेल गाडी गेली. वाऱ्यानं माझी ओढणी भिंतीला चिकटली. डबे किती गेले कुणास ठाऊक, मला एकच लांब काळा आवाज आठवतो.

ते रागावले नाहीत. माठातलं पाणी दिलं, गुडघा धुवायला लावला आणि म्हणाले, ‘चाक अडकलं की सायकल रेल्वेची झाली असं समज. तू मात्र घरची.’ घरी मी खड्ड्यात पडल्याचं सांगितलं. वडिलांनी रिमची आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून आणली आणि काही विचारलं नाही. खरं काय ते मी त्यांना माझ्या लग्नानंतर सांगितलं. तेव्हा ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

नंतर मी यातलं जमेल ते वाचत गेले, विचारत गेले. फाटकाच्या अलीकडे ६०० मीटरवर रुळाकडेला ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी असते. सीटी आणि फाटक. तिथून ड्रायव्हरनं शिटी द्यायची. ताशी ११० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला ३० मीटर कापते. म्हणजे तिची पहिली शिटी कानावर पडते तेव्हा तुमच्याजवळ २० सेकंद असतात. दोन रुळांचं फाटक सायकल हातात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललात तर १५ सेकंद जातात. मी मोजले आहेत. आणि ड्रायव्हरनं तुम्हाला पाहून त्याच क्षणी ब्रेक दाबला, तरी एवढ्या वेगातल्या गाडीला थांबायला किलोमीटरभर अंतर लागतं. तुम्ही दिसलात तरी त्याच्या हातात शिटीशिवाय फारसं काही उरत नाही. त्या माणसाचं पुढे काय होत असेल, याचा विचार मला फार उशिरा सुचला.

‘गाडी लांब आहे, जाऊ’ असं वाटतं ना, ते डोळ्याचं फसणं आहे. १९८५ साली लायबोविट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं यावर लिहिलं होतं: मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा हळू चाललीय असं आपल्याला दिसतं. विमान उतरताना रेंगाळल्यासारखं वाटतं, तसंच. शिवाय गाडी सरळ आपल्याकडेच येत असते, त्यामुळे ती सरकत नाही, नुसती मोठी होत जाते, आणि मोठी होते तीसुद्धा अगदी शेवटी. कानावर तर आता मुळीच विसंबू नका. समोरून येणाऱ्या विजेच्या गाडीचा आवाज फार उशिरा पोचतो. २०२३च्या फेब्रुवारीपासून नाशिकरोडवरून शिर्डीची वंदे भारत जाते, ती फलाटावर उभं राहून एकदा ऐका, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. आणि मालगाडीचा शेवटचा डबा गेला म्हणून रूळ मोकळे झाले असंही नाही. शेजारच्या रुळावरची गाडी त्या डब्यांच्या आडच असते.

आता घाटाचं.

लग्न, नोकरी, मुलं यांत सायकल सुटली ती सुटलीच. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पुरी करून आले, त्यानंतर आमच्या कॉलनीतसुद्धा गिअरच्या सायकली दिसायला लागल्या. मी चव्वेचाळीस वर्षांची होते. मुलाची सायकल पडून होती, ती काढली. आधी गंगापूर धरण, मग त्र्यंबक, मग पेठ रोडचा सावळघाट. आणि एका चैत्रात वणीचा गड, सप्तशृंगी देवीचा.

नाशिकहून दिंडोरी, वणी करत नांदुरीपर्यंत पाय गरम होतात. पुढे गडापर्यंत दहाएक किलोमीटर घाट. मी तिथंही तेच केलं, भगूरच्या फाटकावर करायची तेच. खालूनच जोर धरला, उभी राहून पायडल मारले, पहिली दोन वळणं झोकात घेतली. तिसऱ्या वळणाला आतली बाजू धरली, जिथं रस्ता सर्वांत उभा असतो, आणि छाती भात्यासारखी व्हायला लागली. वरून जीप उतरत होती. तिला वाट द्यायला मी कडेला घेतलं, तोल गेला, पण उतरले नाही. पुढे नागमोडी चालवत राहिले, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेला. मागून एसटी आली, हॉर्न वाजवत राहिली. तरीही उतरले नाही. शेवटी पोटऱ्यांत असा गोळा आला की सायकलसकट कठड्याला टेकले.

चैत्राच्या यात्रेला खानदेशातली माणसं चालत येतात, कित्येक दिवसांची चाल करून. कठड्यावर एक म्हातारी पाय चोळत बसली होती. अनवाणी. मी उभ्यानंच दोन घोट पाणी घेतलं आणि परत टांग टाकायला निघाले. ती तिच्या अहिराणीत म्हणाली, ‘बस ना माय. देवी वरच शे, ती कोठे जाई?’

मी बसले. समोर मार्कंड्याचा डोंगर उन्हात तापत होता. पाचएक मिनिटांत श्वास जागेवर आला आणि तेव्हाच मला भगूरचा तो दांडा आठवला. सत्तावीस वर्षांनंतर मी तेच करत होते. जोर मोडू नये म्हणून जीपसमोर आणि एसटीसमोर सायकल घालत होते. रूळ नव्हते, एवढाच फरक.

त्या दिवशी गडावर पोचेपर्यंत मी अकरा वेळा उतरले. अकरा वेळा परत बसले. चढावर परत सुरुवात करता येते, ही गोष्ट मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळली: सगळ्यात हलका गिअर आधीच टाकून ठेवायचा, सायकल थोडी तिरकी धरायची, मागची-पुढची वाहनं जाऊ द्यायची आणि पहिलं पायडल वरून दाबायचं. थांबलं की संपलं, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. त्या काळ्या सायकलपुरतं ते खरंही होतं. मी मात्र ते सगळ्याच बाबतीत खरं मानत आले होते.

पुढे बऱ्याच खेपांनंतर तोच घाट मी न उतरता चढले, आणि तुम्ही विचारता ते त्याबद्दल. पण न उतरता चढता आलं ते हळू चढायला शिकले म्हणून. नाकानं श्वास घेता येईल एवढाच वेग, वळणाला मोकळी असेल तर बाहेरची बाजू, आणि पोटात काहीतरी हवंच. उपाशी चढू नका, देवीला जाताना तर मुळीच नाही.

कसाऱ्याला गाडी थांबते तेव्हा मागे बँकर इंजिन लागतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. तिथला चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. सायकलवाल्याला हा चढ जाणवेल, पण उतरायला लावणार नाही. गडाचा घाट याहून जागोजागी उभा आहे. मग हजारो अश्वशक्तीच्या इंजिनाला मागून ढकलणारं दुसरं का लागतं? लोखंडाचं चाक लोखंडावर धरतं फार कमी. सपाटीवर एवढं वजन सहज पळतं, पण चढावर म्हणूनच मदत लागते, आणि म्हणूनच ब्रेक लावला तरी ते लवकर थांबत नाही. मुंबईकडे घाट उतरण्याआधी इगतपुरीला ब्रेक तपासतात, आणि घाटात गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला वळवून घ्यायला चढाचे वेगळे रूळ टाकून ठेवले आहेत. थांबण्यासाठी एवढी तयारी! मी फक्त एक पाय जमिनीला टेकवायचा असतो.

म्हणून मी उतरते. फाटक उघडं असलं तरी, पाऊस नसला तरी. दोन्हीकडे पाहते, सायकल हातात धरून काटकोनात रूळ ओलांडते आणि पलीकडे गेल्यावर बसते. चढ दोन्हीकडे असतोच. पहिल्या गिअरवर तो पंधरा पायडलांत संपतो.

एक प्रसंग सांगायचा राहिला, कारण तुमच्यापैकी काहींनी तो पाहिला आहे. निफाडच्या बाजूला एका बंद फाटकाशी मालगाडी गेली आणि एक मुलगा सायकल आडवी करून दांड्याखालून निघाला. मी त्याचं कॅरिअर धरलं. तो चिडला, नको ते बोलला. मी सोडलं नाही. चार मिनिटं आम्ही तसेच उभे होतो आणि दुसरी गाडी आली नाही. फाटक उघडलं, तो माझ्याकडे न बघता निघून गेला. नंतर तुमच्यातल्या एकानं मला विचारलं होतं, उगाच धरलं असं वाटत नाही का? नाही वाटत. उद्याही धरेन. पूर्वी अनेक फाटकांवर माणूसच नसायचा. ब्रॉडगेजवरची तशी फाटकं २०१९च्या जानेवारीपर्यंत बंद झाली. पण दांड्याखालून वाकणाऱ्यासाठी माणूस असलेलं फाटकही बिनमाणसाचंच.

भगूरचं ते फाटक आता राहिलेलं नाही, रुळांखालून रस्ता गेला आहे. गुमटीही गेली. मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा डोक्यावरून एखादी गाडी धडधडत जाते आणि मी अजूनही ब्रेक धरते. येत्या रविवारी आपण तिकडूनच जाणार आहोत. पावसाचं पाणी साचलं असेल तर चाक सावकाश घाला, खाली गाळ असतो. आणि बाहेर निघताना चढ एकदम लागतो, तेव्हा गिअर पाण्यात शिरण्याआधीच हलका करून ठेवा.