टेक्सासच्या हायस्कूलमधले इंग्लिशचे चार क्रेडिट : माझा अनुभव

नववी झालेल्या मुलीला घेऊन पुण्याहून डॅलसच्या बाजूला यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी घर, गाडी, इन्शुरन्स यावर भरभरून सल्ले दिले आणि शाळेबद्दल एकच वाक्य, "पब्लिक स्कूल आहे गं, पत्ता दाखवायचा आणि नाव घालायचं." नाव घालणं खरंच सोपं आहे. पण आता ती बारावीत आहे आणि ओळखीतल्या आया फोन करून विचारत असतात की काय काय केलंत, म्हणून एकदाच नीट लिहून काढते. माझं मत आधीच सांगते, गणित-सायन्स आपली मुलं कसंही निभावून नेतात, सगळ्यात आधी इंग्लिशचं गणित सोडवा.

इथे बोर्डाची दहावी-बारावी नसते. नववी ते बारावी अशी चार वर्षं क्रेडिट जमवत जायचं, वर्षभराच्या विषयाला साधारण एक क्रेडिट. टेक्सासमध्ये किमान २२ लागतात, एंडॉर्समेंट, म्हणजे एखाद्या शाखेचे जास्तीचे विषय घेतले (स्टेम, बिझनेस वगैरे, बहुतेक मुलं घेतातच) तर २६. त्यातले इंग्लिशचे चार. इंग्लिश वन, टू, थ्री आणि चौथं एखादं ऍडव्हान्स्ड इंग्लिश. गणित-सायन्स नुसत्या २२ च्या प्लॅनमध्ये तीन-तीनवर भागतं, इंग्लिशला ती सवलत नाही. वर आणि राज्याच्या परीक्षा, स्टार ईओसी (एंड ऑफ कोर्स, विषय संपताना होणाऱ्या) म्हणतात त्या, एकूण पाच: अल्जिब्रा वन, बायॉलॉजी, यूएस हिस्टरी आणि इंग्लिश वन, इंग्लिश टू. म्हणजे पाचातल्या दोन इंग्लिशच्याच.

आता यातली खुबी अशी की बाहेरून येणाऱ्या मुलाचं एखाद्या विषयाचं क्रेडिट डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या सगळ्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेने) मान्य केलं, तर त्या विषयाची ईओसी परत द्यावी लागत नाही. हे आम्हाला आमच्या आधी आलेल्या एका नाशिकच्या कुटुंबाने सांगितलं, शाळेने आपणहून नाही सांगितलं. त्यामुळे माझं पहिलं टार्गेट एकच होतं, नववीच्या इंग्लिशचं इंग्लिश वन म्हणून क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, चढवून घ्यायचं, बाकी सगळं नंतर.

कागदांची गंमत ऐका. शाळा सोडल्याचा दाखला आपल्याकडे केवढा जपून ठेवतो आपण, लॅमिनेट करून वगैरे. तो मी रजिस्ट्रारबाईंपुढे ठेवला तर त्या दोन्ही बाजू उलटून बघत बसल्या. त्यात जात आहे, धर्म आहे, जन्मठिकाण तालुक्यासकट आहे, जन्मतारीख अक्षरी आहे, वर्तणूक चांगली आहे, विषय मात्र एकही नाही आणि मार्क तर नाहीतच. त्यांना हवं होतं नववीचं प्रगतीपत्रक, विषयवार मार्कांचं, शाळेच्या सही-शिक्क्याचं. ते होतं, पण मुख्याध्यापकांच्या लेटरहेडवर "इन्स्ट्रक्शनचं माध्यम इंग्लिश आणि इंग्लिश हा प्रथम भाषा म्हणून शिकवलेला विषय" असं एक पत्र निघताना मागून घेतलं होतं, त्याने जास्त काम झालं. जोडीला बालभारतीच्या साइटवरून इंग्लिश कुमारभारतीची अनुक्रमणिका प्रिंट करून दिली, कारण नियमाप्रमाणे डिस्ट्रिक्टला विषयात काय शिकवलंय ते तपासून बघायचं असतं आणि समोरच्या बाईंना महाराष्ट्र बोर्ड म्हणजे काय हे कळायचं काही कारण नाही. काही डिस्ट्रिक्ट बाहेरच्या संस्थेकडून इव्हॅल्युएशन करून आणा म्हणतात, आमच्याकडे ते लागलं नाही. गणिताचे भाग एक बीजगणित आणि भाग दोन भूमिती असे वेगळे मार्क दिसत होते त्यावरून अल्जिब्रा वन मिळालं, जॉमेट्रीचंही द्या म्हणून नवऱ्याने बराच वाद घातला, नाही ऐकलं. बायॉलॉजीही नाही. इंग्लिश वन मिळालं. मी खूश.

पण त्याच्या आधीच एक फॉर्म येतो त्याबद्दल सांगायलाच पाहिजे. होम लँग्वेज सर्व्हे. घरात कुठली भाषा बोलता, मूल कुठली भाषा बोलतं. यावर आपल्या लोकांत ठरलेला सल्ला आहे, "डोळे मिटून इंग्लिश लिही, मराठी लिहिलंस की मुलीला ईएसएलमध्ये टाकतील." ईएसएल म्हणजे इंग्लिश ही दुसरी भाषा असलेल्या मुलांचा वर्ग. चार जणांनी मला हेच सांगितलं, त्यातल्या एकीने तर पार्किंग लॉटमधून फोन करून. मी मराठी लिहिलं. एक तर त्या दाखल्यावर मातृभाषा मराठी असं छापलेलंच होतं. आणि दुसरं म्हणजे मराठी लिहिलं म्हणून कोणी ईएसएलमध्ये टाकत नाही, टेस्ट घेतात. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही. त्यात मूल इंग्लिशमध्ये पुरेसं तयार निघालं तर विषय संपला. नाही निघालं तर एक कमिटी बसते, पालकाची परवानगी घेतात, मग सपोर्ट मिळतो आणि दरवर्षी टेलपास नावाची परीक्षा होत राहते. आणि अगदी सुरुवातीच्या पातळीवरच्या मुलांना इंग्लिश वन, टू च्या जागी ईसॉल वन, टू (इंग्लिश नव्याने शिकणाऱ्यांसाठीचे कोर्स) घेता येतं आणि ते क्रेडिट ग्रॅज्युएशनला चालतं, म्हणजे मराठी मीडियममधून आलेल्या मुलाला तो धोका नाही, उलट रस्ता आहे. हे लोकांना कळतच नाही. खोटं लिहून मुलाला सरळ रेग्युलर इंग्लिशमध्ये ढकलायचं आणि मग ट्यूशन शोधत फिरायचं, हा काय शहाणपणा.

आमची ती टेस्ट आरामात पास झाली. बोलण्याच्या भागात हेडफोन लावून कॉम्प्युटरशी बोलायचं होतं, घरी येऊन म्हणते, "आई, अगं चित्र दाखवून विचारत होते मुलगा काय करतोय."

मग दहावी, म्हणजे इंग्लिश टू. इथे दोन दारं, ऑन-लेव्हल किंवा ऍडव्हान्स्ड. ऍडव्हान्स्डला जीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या सरासरीत, जास्त वजन असतं, त्यामुळे देसी घरांत ऑन-लेव्हल हा शब्द उच्चारत नाहीत. काउन्सेलर म्हणाली पहिलं वर्ष ऑन-लेव्हल घ्या, बघू. मुलगी म्हणाली ऍडव्हान्स्ड. पुण्यात इंग्लिशमध्ये वर्गात पहिली यायची ना. आम्ही ऍडव्हान्स्डच घेतलं आणि पहिल्या नऊ आठवड्यांत तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. भाषा येत होती हो. प्रश्न भाषेचा नव्हताच.

आपल्याकडे इंग्लिशचा पेपर म्हणजे काय, डू ऍज डायरेक्टेड, व्हॉइस बदला, पत्रलेखन, आणि कवितेचं ऍप्रिसिएशन: टायटल, पोएट, राइम स्कीम, फिगर ऑफ स्पीच, थीम, प्रत्येकाला एक-एक ओळ लिहिली की मार्क. तिने इथे एका कवितेवर तसंच लिहून दिलं. पर्सॉनिफिकेशन, अलिटरेशन, सिमिली, सगळं बरोबर ओळखलेलं, ओळींच्या नंबरांसकट. पेपर परत आला तर प्रत्येक फिगरच्या शेजारी मार्जिनमध्ये हिरव्या पेनने तोच एक प्रश्न, "मग त्याने काय झालं?" कवीने वाऱ्याला माणूस केलं, ठीक, पण त्यामुळे वाचणाऱ्याला काय वाटतं, कवितेचं म्हणणं त्याने कसं पुढे जातं, ते लिही. पेपर टेबलावर टाकून म्हणाली, "ओळखलंय ना सगळं, अजून काय पाहिजे यांना?" आम्हा दोघांनाही उत्तर देता येईना, आम्हीही गाइड पाठ करूनच पास झालेलो.

तिथून पुढे तिची गाडी सुधारली ती त्या टीचरमुळेच. शाळा सुटल्यावर ट्यूटोरियल म्हणून थांबता येतं, फुकट असतं, आणि आपली मुलं तिथे जात नाहीत कारण ट्यूटोरियल म्हणजे ढ मुलांचं असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ही जायला लागली. आधी तुझं म्हणणं एका वाक्यात सांग, मग त्याला मजकुरातला पुरावा दे, मग तो पुरावा का चालतो ते तुझ्या शब्दांत सांग, एवढंच त्या बाई पुन्हा पुन्हा करून घ्यायच्या. स्प्रिंगमध्ये इंग्लिश टू ची ईओसी असते, ऑनलाइन. त्यात एक मोठा निबंध असतो आणि त्याच्या मार्कांची वाटणी बघितली तर सगळा उलगडा होतो. विचार आणि मांडणीला तीनपर्यंत, व्याकरण-स्पेलिंगला दोनपर्यंत, असे पाच, आणि त्याचे दुप्पट दहा धरतात. त्यातही विचार-मांडणीला शून्य मिळालं तर व्याकरणालाही शून्यच. म्हणजे शुद्ध लिहिणाऱ्या पण काही न म्हणणाऱ्या मुलाला दहातले शून्य. आपल्याकडच्या मुलांना हे आधी दाखवा, ट्यूशनचे पैसे वाचतील.

अकरावीला पर्याय वाढतात आणि इथे घराघरांत वाद होतात. साधं इंग्लिश थ्री, किंवा एपी लँग (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, लँग म्हणजे लँग्वेज), किंवा ड्युअल क्रेडिट. एपी लँगमध्ये गोष्टी-कविता जवळपास नाहीत, भाषणं, लेख, जाहिराती असलं वाचायचं आणि लिहिणारा आपल्याला कसं पटवतोय ते उलगडायचं. मे महिन्यातली परीक्षा सव्वातीन तासांची, पंचेचाळीस एमसीक्यू आणि तीन निबंध. ड्युअल क्रेडिट म्हणजे कम्युनिटी कॉलेजचा खराखुरा कोर्स, इंग्लिश १३०१ आणि १३०२, हायस्कूलचंही क्रेडिट आणि कॉलेजचंही. त्याआधी मूल कॉलेजच्या कोर्सला तयार आहे का ते बघणारी टीएसआय नावाची टेस्ट लागते, नाहीतर एसएटीसारख्या परीक्षेचे पुरेसे मार्क. एपीत एका दिवसाच्या परीक्षेवर सगळं, ड्युअलमध्ये वर्षभराचं काम पण तो ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा छापला जातो, सी आला तरी. नवऱ्याचं म्हणणं ड्युअल, पैसे वाचतात. माझं एपी, कारण कॉलेज टेक्सासबाहेरचं निघालं तर ड्युअलचं क्रेडिट घेतील की नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. शेवटी एपी लँग घेतलं. वक्तृत्वाच्या बाबतीत ती लहानपणापासून पुढे, गणेशोत्सवातल्या स्पर्धांची बक्षिसं आहेत घरी, त्यामुळे हा कोर्स तिला मनापासून आवडला आणि परीक्षेत पाचपैकी चार आले.

आता ते चार आल्यावर बारावीला ड्युअलचं १३०१ घेण्यात अर्थ नव्हता, कारण एपी लँगवर बऱ्याच ठिकाणी त्याचंच क्रेडिट मिळतं. तेच क्रेडिट दोनदा कोण देणार. उरलं इंग्लिश फोर किंवा एपी लिट, म्हणजे लिटरेचर. आणि एक तिसरी वाट आहे जी कोर्स कॅटलॉगच्या मागच्या पानांत दडलेली असते. चौथं इंग्लिश म्हणजे इंग्लिश फोरच असं नाही, टेक्सासच्या नियमात क्रिएटिव्ह रायटिंग, टेक्निकल रायटिंग, ह्युमॅनिटीज, डिबेट थ्री, न्यूजपेपर थ्री, इयरबुक थ्री अशी लांबलचक यादी आहे. हिने दहावीपासून डिबेट घेतलेलं, त्यामुळे डिबेट थ्री सरळ बसत होतं आणि तिला तेच पाहिजे होतं. काउन्सेलरने स्पष्ट सांगितलं, राज्याच्या दृष्टीने ग्रॅज्युएशन होईल, पण ऍडमिशन देणारी कॉलेजं डिबेटला इंग्लिश धरतील याची खात्री नाही, खासकरून कॅलिफोर्नियाकडची, तिथे चार वर्षं इंग्लिशच मागतात. म्हणून एपी लिट चौथ्या इंग्लिशच्या खान्यात आणि डिबेट थ्री इलेक्टिव्ह म्हणून. दोन्ही एकाच सेमिस्टरला म्हणजे रात्री बारा वाजेपर्यंत लाइट चालू, पण तिची निवड आहे, मी काही बोलत नाही.

मराठीचंही सांगते, कारण तेही ग्रॅज्युएशनमध्ये मोजलं जातं. दुसऱ्या भाषेचे दोन क्रेडिट लागतात. सगळी मुलं स्पॅनिश घेतात. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये परीक्षा देऊन क्रेडिट घेता येतं आणि यादीत मराठी होती, लिहिणं-बोलणं तपासणारी ऑनलाइन परीक्षा. बोलायला काही प्रॉब्लेम नव्हता. लिहायचं देवनागरीत टाइप करून, आणि मॅडम आयुष्यभर मराठी मेसेज रोमनमध्ये टाइप करत आलेल्या. महिनाभर आजीला रोज एक मेसेज देवनागरीत पाठवायचा असं ठरवलं, आजी तिकडून ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवायची, ती सासूबाईंची जुनी हौस. परीक्षेत इंटरमीजिएट हाय मिळालं. त्याचा दुसरा फायदा नंतर कळला, इंग्लिशच्या सगळ्या कोर्सेसमध्ये ८० च्या वर सरासरी आणि दुसऱ्या भाषेत एवढी पातळी असेल तर ट्रान्सक्रिप्टवर बायलिटरसीचा (दोन भाषा लिहिता-वाचता येण्याचा) उल्लेख होतो. मागावा लागतो मात्र, काउन्सेलरला आपणहून आठवत नाही.

बाकी बारीकसारीक म्हणजे सीपीआरचं ट्रेनिंग शाळेतच होतं. आणि फायनान्शियल एडचा फॉर्म, फाफ्सा, हाही ग्रॅज्युएशनच्या अटींत आहे, तो भरला नाही तर डिप्लोमा अडतो. आमच्यासारख्या व्हिसावरच्यांना फेडरल एड मिळतच नाही, मग भरायचं काय? त्यासाठी ऑप्ट-आउटचा एक पानी फॉर्म असतो, पालकाने सही करायची. शाळेच्या ईमेलमध्ये तो तिसऱ्या अटॅचमेंटला होता. सीनियर इयरच्या सप्टेंबरातच सही करून देऊन टाका.