पुरासाठी राखून ठेवलेली सिगारेट

सिगारेट सोडली तेव्हा मी मनात एक सिगारेट राखून ठेवली होती. पुन्हा २०१९ सारखा पूर आला तर ती ओढायची, असं ठरवून टाकलं होतं. हे बायकोला सांगितलं नव्हतं आणि डॉक्टरांनाही नाही. शरीराचं जे काय व्हायचं ते दोन-अडीच महिन्यांत होऊन गेलं, पण ही राखीव सिगारेट सोडायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. म्हणून हे लिहितोय. सुरुवातीचे दिवस कसे काढायचे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तलफ थांबल्यावरही 'आता आयुष्यात कधीच नाही' हे गळी उतरत नाही, त्या काळाबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. कॉलेजात लागलेली सिगारेट यार्डात आल्यावर पक्की झाली. सौदे निघायच्या आधी एक, सौदा झाला की एक, शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहून झाल्या की एक. शेतकऱ्याच्या मालाला भाव पडला तर त्याच्यासोबत उभं राहून एक, चढला तरी एक. चहाच्या कपाला तर होतीच. पानपट्टीवर सुट्टी, म्हणजे पाकीट न घेता एकेक सिगारेट घ्यायची सवय. सुट्टी सिगारेट विकायला आपल्या राज्यात २०२० पासून बंदी आहे, तरी मागितली की मिळते. सुट्टी घेतली की पाकिटावरचं चित्र बघावं लागत नाही आणि दिवसाचा आकडाही कळत नाही.

सोडायचं निमित्त खोकल्याचं झालं. हंगामातला खोकला पावसाळा लागला तरी थांबेना, म्हणून मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळीत जोरात फुंकायला लावलं, यंत्रातून कागद निघाला, आणि श्वासनळ्या आकसायला लागल्यात असं निदान झालं. "गेलंय ते सगळं परत येणार नाही," ते म्हणाले, "पण धूर थांबला तर पुढची घसरण मंदावते." मग एकच प्रश्न विचारला: सकाळी जाग आल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते? मी म्हटलं, चहाच्या आधी. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटीनचं बंधन घट्ट आहे असं समजतात. त्यांनी ४ मिलिग्रॅमचा निकोटीन गम लिहून दिला. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो, हा मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच.

गमबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बरेच जण तो चुकीचा चावतात आणि मग 'काही उपयोग नाही' म्हणून टाकून देतात. तो च्युइंगमसारखा चघळत बसायचा नाही. सावकाश चार-सहा वेळा चावायचा, जिभेला मिरमिरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. मिरमिर ओसरली की पुन्हा चावायचा आणि जागा बदलून ठेवायचा. अर्धा तास तो चालतो. घाईने चावला तर निकोटीन लाळेसोबत पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि डोक्याला हवं ते मिळतच नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी बंद, नाहीतर तोंडातून निकोटीन नीट शोषलं जात नाही. यार्डात चहा नको म्हणणं किती अवघड असतं ते यार्डातल्या माणसालाच कळेल. व्यापारी आला, चहा. गाडी लागली, चहा. डॉक्टरांनी चहा असाही निम्मा करायला सांगितला होता. धुरामुळे यकृत कॅफीन भराभर निकाली काढतं. धूर थांबला की तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो आणि छातीत धडधड होते, झोप उडते. आधी वाटलं होतं ही सगळी सिगारेटची तगमग आहे. चहा कमी केला आणि झोप लागली.

पहिले तीन-चार दिवस वाईटच गेले. घरात भांडणं झाली, पोट साफ होईना, खोकला तर आधीपेक्षा वाढला. श्वासनळीतले कफ वर ढकलणारे बारीक केस पुन्हा कामाला लागतात, म्हणून असं होतं. तलफ यायची ती चार-पाच मिनिटं टिकायची आणि जायची. ती घालवायला मी वखारीत जाऊन पोती मोजायचो. कुणाला माळ जपून जमेल, कुणाला चालून. त्या मिनिटांत हात रिकामे नसावेत, एवढं मला पुरलं.

त्या हंगामात एक गोष्ट झाली. राजापुरी हळदीचा लॉट बघताना आम्ही हळकुंड मोडून बघतो. चांगलं वाळलेलं असेल तर कट्ट आवाज होतो आणि आत गर्द केशरी गाभा दिसतो. इतकी वर्षं मी आवाज आणि रंगावरच माल जोखत होतो. त्या दिवशी हळकुंड मोडलं आणि वास आला. ओल्या मातीचा, थोडा आल्यासारखा, थोडा कडवट. मी दुसरं मोडलं, तिसरं मोडलं. शेजारी उभा असलेला हमाल म्हणाला, "दिवाणजी, काय शोधालायसा?" मला सांगता आलं नाही. आपल्याच धंद्याचा वास आपल्याला इतकी वर्षं येत नव्हता, याचं वाईटही वाटलं आणि फार बरंही वाटलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. तलफ जवळजवळ संपली, गम बंद झाला, पायऱ्या चढताना दम कमी लागायला लागला. आणि नेमकं तेव्हा एक उदासपणा आला. लग्नात जेवणं झाल्यावर मंडळी मांडवामागे जायची, मी खुर्चीवर बसून राहायचो. कोजागरीला गच्चीवर दूध आटायचं आणि माझं लक्ष लागायचं नाही. शरीर काही मागत नव्हतं. वाटायचं ते एवढंच, की आयुष्याचा एक भाग बंद झाला आणि तो परत उघडणार नाही. लोक म्हणायचे, "बरं झालं, घाण सुटली." मला ते पटायचं नाही आणि आजही पटत नाही. तिच्यासोबत काढलेले तास माझेच होते. त्यांना घाण म्हटलं तर अर्धं आयुष्य घाण म्हणावं लागेल. ज्याला कायमचं सोडायचंय त्याला आधी हे दुःख करू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते दडपलं की माणूस मनात कुठेतरी एक फट ठेवतो.

माझी फट म्हणजे पूर.

आमचं घर गावभागात. आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदीची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तळमजला बुडाला. आम्ही आणि शेजारचं एक कुटुंब वरच्या मजल्यावर. लाइट नाही, मोबाइल एकेक करत बंद पडत चाललेले, आणि दर तासाला टॉर्च मारून बघायचं, पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला लागलंय. माझ्याजवळ अर्धं पाकीट होतं. रात्री शेजारच्या काकांबरोबर गच्चीवर बसून ओढलेल्या त्या सिगारेटी मला आयुष्यातल्या सगळ्यात मोलाच्या वाटायच्या. शेवटची आम्ही दोघांनी अर्धी अर्धी ओढली. २०२१ ला पुन्हा पाणी घरात आलं, तेव्हा तर मी दोन पाकिटं आधीच आणून ठेवली होती. सोडली ती त्यानंतर. त्यामुळे मनात पक्कं बसलं होतं की बाकी सगळं सिगारेटशिवाय जमेल, पण पूर नाही.

एका मे महिन्यात आम्ही माळ्यावरच्या पेट्या आवरत होतो. गावभागात पावसाळ्याआधीचं हे नेहमीचं काम. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, धान्य वर. बोलता बोलता मी बायकोला ती राखीव सिगारेट सांगून टाकली. ती रागावेल असं वाटलं होतं. ती पेटीवर बसली आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला ती गच्ची वेगळीच आठवतीय."

"म्हणजे?"

"तुम्ही सारखं पाकीट उघडून मोजत होता. पोरगी पाण्याला घाबरून रडत होती तेव्हासुद्धा. दुधाच्या पिशव्या घेऊन बोट आली, तर तुम्ही त्या पोराला आधी सिगारेट विचारलीत."

बोटीवरच्या पोराचं मी साफ विसरलो होतो. ती सांगत गेली तसं एकेक आठवत गेलं. काकांशी बोलत बसलेली दहा मिनिटं खरीच होती, पण त्या दहा मिनिटांच्या मधले तास मी बेचैन होतो आणि ती बेचैनी मी पुराच्या नावावर मांडली होती. निकोटीन रक्तात निम्मं व्हायला साधारण दोन तास लागतात. रोज डझनभराच्या वर ओढणाऱ्याने अर्धं पाकीट पुरवून पुरवून ओढलं तर बाकीचा सगळा वेळ ओढ लागण्यातच जातो. मग एक ओढली की जीव शांत होतो, आणि वाटतं सिगारेटने पुराची भीती घालवली. खरं तर तिने आधीच्या सिगारेटची तहान भागवलेली असते. डॉक्टरांनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तेव्हा ते कानावरून गेलं. पेटीवर बसलेल्या बायकोच्या तोंडून ऐकलं तेव्हा आत गेलं.

काकांची आठवण मात्र मी सोडलेली नाही. शेवटची सिगारेट अंधारात अर्धी करून देणारा माणूस विसरायचा कशाला? ते आता नाहीत. ती रात्र होऊन गेली, ती आहे तशी माझ्याजवळ राहील, आणि ती पुन्हा घडवायला सिगारेट पेटवावी लागत नाही. हे मला कळलं आणि कित्येक महिने छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं.

पुढे एका जुलैत नदी खरंच चढायला लागली. सांगलीत अशा वेळी 'कसे आहात' असं कुणी विचारत नाही, "आयर्विनला किती?" आणि "कोयनेतनं किती सोडलंय?" एवढंच. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटमधली माणसं सामान हलवायला लागली. पातळी चाळिशीकडे सरकली तसा मी पुलाजवळ जाऊन उभा राहिलो. गर्दी होती, पावसाची भुरभुर होती. ओळखीच्या एकाने न विचारता पाकीट पुढे केलं. मी "नको" म्हटलं आणि आकडा विचारला. पोटात गोळा होता, पाय गार पडले होते, पण ती भीती फक्त पाण्याचीच होती. घरी आलो, मुलीबरोबर बसून तिच्या वह्या वरच्या कपाटात लावल्या, गॅसची टाकी वर नेली, शेजारच्या काकूंचा टीव्ही उचलला. रात्रभर जागा होतो. सिगारेटची आठवण झाली, नाही असं नाही. ती आली आणि गेली. दोन दिवसांनी पाणी उतरलं, आमच्या दारापर्यंत आलंही नाही.

यापेक्षा मोठा पूर येणार. नदीकाठचं घर आहे, आम्ही ते सोडणार नाही, त्यामुळे येणार हे धरूनच चालायचं. त्या दिवसासाठी आता टॉर्च, बॅटऱ्या, माझा इन्हेलर, मुलीची औषधं आणि पत्त्यांचा कॅट अशी पिशवी भरून ठेवलीय.

मला विचारायला येणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर खरा आहे, फुकट आहे, आणि तिथे बोलणारी माणसं समुपदेशनच करतात. लाज वाटत असेल तर तिथून सुरुवात करा. दुसरं म्हणजे, तुम्ही कुठल्या प्रसंगासाठी एक राखून ठेवलीय ते कुणाला तरी मोठ्याने सांगा. त्या प्रसंगात तुमच्यासोबत जो होता त्यालाच सांगितलं तर उत्तम.

माझा पुतण्या कुपवाडला एमआयडीसीत कामाला आहे, रात्रपाळीत ओढतो. त्याने परवा आपण होऊन विषय काढला. मुलगी झाली की सोडतो म्हणायचा, ती आता चालायला लागली. रविवारी त्याला घेऊन मिरजेला त्याच डॉक्टरांकडे जायचं ठरलंय. जाग आल्यावर पहिली किती वेळात लागते ते आठवडाभर घड्याळ लावून लिहून आण, असं त्याला सांगितलंय. दोन दिवसांचं लिहून त्याने फोनवर पाठवलंसुद्धा.