रामबागेतून रामबाड्यापर्यंत

आम्ही इंदूरच्या रामबागेतले नऊ जण केदारला पायी गेलो होतो, त्यात सगळ्यात मोठ्या म्हणजे शेजारच्या काकू, वय ६८, आणि चालायला सगळ्यांच्या पुढे. त्या आधी एकदा २०१२ ला जाऊन आलेल्या, म्हणजे पुराच्या आदल्या वर्षी, त्यामुळे गौरीकुंडापासूनच त्यांचं सुरू, रामबाड्याला चहा घेऊ रे, आपली रामबाग तसा तो रामबाडा, माझ्या सगळं लक्षात आहे.

रामबाडा आता नाहीये हे मला माहीत होतं. कसं सांगायचं कळेना म्हणून गप्प बसलो. चुकलंच.

भीमबलीपासून पाऊस लागला. रेनकोट बाहेरून पावसाने ओला, आतून घामाने, खिशातल्या शेवेचा लगदा (इंदूरचा माणूस देवाकडेपण शेव घेतल्याशिवाय जात नाही). आणि गौरीकुंडापासून ७ किलोमीटरवर काकू थांबल्या. "अरे, रामबाडा मागे राहिला की काय?" समोर नुसते दगड, काही तर खोलीएवढे, आणि मधून मंदाकिनी. मग सांगितलं, १६ जून २०१३ ची संध्याकाळ आणि १७ ची सकाळ, असे दोन लोंढे आले, दुसरा वरचा चोराबारी तलाव फुटल्यामुळे. "तलाव कसा काय फुटतो?" अहो काकू, त्याला बांध कसला, हिमनदीने आणून टाकलेली दगडमाती, त्यात दोन-तीन दिवस सारखा पाऊस आणि बर्फाचं पाणी, भरला आणि बांधासकट खाली आला.

काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि तो चहावाला?"

पुढे रस्ता पूल ओलांडून पलीकडून जातो, पुरानंतर केलेला, चढ असा की बोलणं आपोआप बंद. लिंचोलीच्या अलीकडे एक ओहोळ आडवा आला, घोट्याएवढं पाणी, मी पाय टाकणार तेवढ्यात एक घोडेवाला ओरडला, "रुको, पानी का रंग देखो!" खरंच, पाणी चहासारखं झालं होतं. पाचेक मिनिटांत ते गुडघ्याच्या वर गेलं आणि आत दगडावर दगड आपटायला लागले, तो आवाज कानाआधी पायाला कळतो. आमच्या डोक्यावर त्या वेळी भुरभुरच होती हो! पाऊस पडला होता वर कुठेतरी. तासाला १०० मिलिमीटर झाला की ढगफुटी म्हणतात, पण अशा चिंचोळ्या दरीत त्याच्या निम्मापण पुरे, दोन्हीकडच्या उतारांचं पाणी एकाच नाल्यात. घोडेवाला ३१ जुलै २०२४ ला इथेच अडकला होता, ढगफुटीत वाट तुटली तेव्हा.

आपली खान नदी फुगली तर आपण कृष्णपुऱ्याच्या पुलावर उभं राहून बघतो, भजी खात. पण इंदूरजवळचा पाताळपाणी धबधबा आठवला. जुलै २०११, पिकनिकला गेलेलं इंदूरचंच कुटुंब, मधल्या दगडावर उभं, आणि पाणी बघता बघता चढलेलं. तो व्हिडिओ मी तेव्हा चार वेळा बघितला होता, आणि तरी इथे पाय टाकायला निघालोच होतो.

दीड तासाने सोडलं. दर्शन छान झालं, देवळामागची भीमशिला बघितली, जिच्यामुळे लोंढा दोन्ही बाजूंनी फुटून गेला. काकूंनी आधी तिला हात लावला, मग आत आल्या.

घरी आल्यावर त्यांनी २०१२ चा फोटो पाठवला. पत्र्याची दुकानं, काकूंच्या हातात ग्लास, आणि चहावाला फ्रेममध्ये पूर्ण आलाच नाहीये, नुसता हात आणि किटली.