शांत देशातली लाट

परदेशी सहलीचे ठिकाण ठरवताना काही वर्षांपूर्वी आमच्या घरात जॉर्डन आणि आइसलँड असे दोनच पर्याय उरले होते. माझी ओढ जॉर्डनमधल्या पेट्रा या प्राचीन नगरीकडे होती. सुमारे सव्वा किलोमीटर लांबीच्या अरुंद घळीतून चालत गेल्यावर कातळात कोरलेली ती भव्य वास्तू अचानक समोर उभी राहते, आणि तो क्षण मला अनुभवायचा होता. परंतु जॉर्डनच्या शेजारी देशांतील संघर्षाच्या बातम्या रोज कानावर पडत होत्या आणि मुलगी लहान होती. शेवटी जागतिक शांतता निर्देशांकात २००८ पासून सातत्याने पहिल्या क्रमांकावर असलेला आइसलँड आम्ही निवडला आणि निर्धास्त झालो.

त्या निर्धास्तपणाची किंमत रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर जवळजवळ मोजावी लागली. तिथल्या लाटा दहा-बारा वेळा साधारण एकाच रेषेपर्यंत येऊन मागे फिरतात, त्यामुळे ती रेषा म्हणजेच समुद्राची हद्द, असे पाहणाऱ्याला वाटू लागते. आणि मग एखादी लाट ती रेषा ओलांडून कितीतरी आत घुसते. मुलगी समुद्राकडे पाठ करून काळे गोटे वेचत होती. नवऱ्याने तिचा दंड घट्ट धरला, मी त्या दोघांकडे धावले, तोवर पाणी माझ्या गुडघ्यांपर्यंत आले होते आणि परतणाऱ्या लाटेबरोबर पायांखालची वाळू सरकत होती. आम्ही तिघेही सुखरूप बाहेर आलो. याच किनाऱ्यावर अनेक पर्यटकांना मात्र समुद्राने ओढून नेले आहे. या लाटांची सूचना देणारा फलक वाटेवरच होता. तो आम्ही वाचला होता आणि तरीही पुढे गेलो होतो, कारण हा देश सुरक्षित आहे हे आम्ही घरातूनच ठरवून आलो होतो.

तो शांतता निर्देशांक खून, सशस्त्र संघर्ष, लष्करीकरण अशा गोष्टी मोजतो. लाटा, निसरडे रस्ते किंवा ज्वालामुखी त्यात येत नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच देशातील ग्रिंदाविक हे गाव ज्वालामुखीच्या भीतीने रिकामे करावे लागले होते. म्हणून ‘हा देश सुरक्षित आहे का?’ हा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. धोका कशाचा आहे, देशाच्या कोणत्या भागात आणि कोणत्या महिन्यांत आहे, आणि आमच्यापैकी कोणाला आहे, हे विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यांवरील अपघातांत दगावतात. तरीही बॉम्बस्फोटाच्या बातमीने सहल रद्द करणारे आपण परक्या गावात हेल्मेटशिवाय भाड्याच्या स्कूटरवर बसताना क्षणभरही थांबत नाही.

याच दृष्टीने मी जॉर्डनचा पुन्हा अभ्यास केला. सरकारांच्या प्रवासविषयक सूचना वाचताना पूर्वी मी देशाचा शेरा पाहून थांबत असे. या वेळी खालचा तपशील वाचला. सीरियाच्या सीमेलगतच्या पट्ट्याविषयीचा इशारा आणि दक्षिणेकडील पेट्रा यांत बरेच अंतर आहे. पेट्राचा स्वतःचा धोका निराळाच निघाला, तो पाण्याचा. डोंगरांवर पाऊस पडला की त्या अरुंद घळीत अचानक लोंढा येऊ शकतो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये अशाच पुरामुळे हजारो पर्यटकांना तेथून हलवावे लागले. युद्धाची भीती अनाठायी होती, असे मी म्हणणार नाही. त्या प्रदेशात हवाई मार्ग ऐनवेळी बंद होऊ शकतात आणि अनेक प्रवास विमा पॉलिसींमध्ये युद्धामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, त्यामुळे अटी ओळ न् ओळ वाचाव्याच लागतात.

आकर्षणाचीही अशीच झडती घ्यावी, असे मला वाटते. केवळ निळे पाणी आणि निवांतपणा हवा असेल, तर त्यासाठी कितीतरी ठिकाणे आहेत आणि त्यांतले कमी जोखमीचे निवडण्यात काहीच गमावत नाही. पेट्राला मात्र पर्याय नाही. त्यासाठी मी जास्त पैसे मोजायला, बेत पुढे ढकलायला, अगदी विमानतळावरून परतायलाही तयार आहे. मुलीच्या जिवाची जोखीम पत्करायला नाही.

येत्या वसंतात जाण्याचे ठरले आहे. तिकिटे तारीख बदलता येईल अशीच घेतली आहेत आणि पेट्राला लागून असलेल्या वादी मुसा गावात एक मुक्काम जास्तीचा ठेवला आहे, म्हणजे आभाळ भरून आले तर त्या दिवशी घळीत पाऊल न टाकता दुसऱ्या दिवसाची वाट पाहता येईल.