हायड्रो टेस्ट म्हणजे हायड्रोजन नव्हे ओ आबा!

मागच्या महिन्यात हायवेच्या सीएनजी पंपावर पाऊण तास लाईनीत काढला, नंबर आला, आम्ही सगळे खाली उतरलो, पोरानं बॉनेटमधली टाकीच्या टेस्टच्या तारखेची प्लेट बघितली आणि नोझल परत हुकाला अडकवला. "दादा, टेस्टची मुदत संपलीय, गॅस नाय देता येणार." म्हणलं अरे आठच दिवस झालेत. तो काय ऐकंना आणि मागचे हॉर्न मारायला लागले, मग आलो गुपचूप पेट्रोलवर साताऱ्यात परत.

सीएनजीच्या टाकीची दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते हे ठाऊक होतं, पण लक्षात कोण ठेवतंय. घरी सांगितलं तर आबा म्हणाले, "हायड्रोजनवर करणार व्हय गाडी? गडकरी संसदेत घेऊन गेलते तसली?" ती 2022 ची टोयोटाची हायड्रोजनवरची मिराय त्यांच्या डोक्यात फिट बसलीय. म्हणलं आबा, हायड्रो म्हणजे पाणी, पाण्यानं टाकी तपासतात.

तेवढ्यात एकानं नंबर दिला, तो गडी म्हणला गाडी आणायची पण गरज नाय, फोटो टाका, प्लेट घरपोच. खरं सांगतो, मी जवळजवळ हो म्हणलं होतं. पण मावसभाऊ पुण्यात हायड्रोजनच्या गाड्यांवर काम करतो, त्याला सहज विचारलं तर त्यानं लय झापला. म्हणला तुझ्या डिकीत 200 बार दाबाचा गॅस आहे, टायरमध्ये असतो अडीच. आमच्याकडं तर कारमध्ये 700, बस-ट्रकला बहुतेक 350. भरताना टाकी तापते म्हणून गॅस उणे 40 डिग्रीपर्यंत गार करून सोडतात आणि गाडी टाकीचं तापमान नि प्रेशर पंपाला इन्फ्रारेडनं कळवत राहते. सीएनजीला निदान वास तरी मारलेला असतो, हायड्रोजनला तो पण घालता येत नाही कारण वासाच्या द्रव्यानं फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणारा भाग, खराब होतो, म्हणून सगळी भिस्त सेन्सरवर. आणि पेटला तर दिवसा जाळ दिसत पण नाही! पूर्वी म्हणे हायड्रोजन हाताळणारे लोक लांब दांड्याची केरसुणी पुढं धरून चालायचे, केरसुणी पेटली की समजायचं इथं गळतंय. हे ऐकल्यावर त्या फोटोवाल्याचा नंबर डिलीटच केला.

पेसो, म्हणजे स्फोटकं नि गॅसच्या टाक्यांवर लक्ष ठेवणारं केंद्राचं खातं, त्याची मान्यता असलेल्या सेंटरला गाडी टाकली, दोन दिवस गेले नि अडीच हजार रुपये. मी मुद्दाम थांबून बघितलं. आधी गॅस मोकळा केला, पट्टे सोडून टाकी बाहेर काढली, तर पट्ट्याखालचं रबर झिजून गेलेलं आणि तिथं बोटभर गंज. माझ्या पोटात गोळाच आला. त्यांनी गंज घासला, वजन केलं, आत दिवा सोडून बघितलं, मग पाणी भरून प्रेशर 334 बारपर्यंत नेलं. टाकी किती फुगते नि प्रेशर सोडल्यावर परत जागेवर येते का ते काचेच्या नळीत बघतात. पाणीच का, हवा का नाही, असं विचारलं तर मिस्त्री म्हणला, हवा दाबून भरली आणि टाकी फुटली तर शेड जागेवर राहणार नाय, पाणी दाबलं जात नाही म्हणून फुटलं तरी आवरतं.

टाकी पास झाली. गरम हवेनं वाळवली, नवीन तारीख ठोकली, रबर नवं टाकलं. बसवून थोडा गॅस सोडला आणि साबणाचा फेस लावला तर पाईपच्या नटापाशी एक बारीकसा फुगा, हळूहळू मोठा होतोय. व्हॉल्व्ह बंद करून पाईप मोकळा केला, नट परत बसवला, परत फेस. तिसऱ्यांदा फुगा आला नाही तेव्हा कुठं मिस्त्रीनं सही केली.

येताना पंपावर त्याच पोरानं प्लेट बघून गॅस भरला. घरी आबा गाडीभोवती एक चक्कर मारून, डिकीत डोकावून म्हणाले, "पाणी सगळं काढलंय न्हवं रं?"